इद्रीसनं न सांगितलेली जागा

दुबईत, अल कुसैसच्या इंडस्ट्रियल एरियात एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचं गोडाऊन आहे. इद्रीस होडेकर तिथं तेहतीस वर्षं स्टोअरकीपर आहे. साइटवरनं कोणी फोन करतो, "चाचा, हाफ इंच ब्रासका एल्बो?" इद्रीस हातातला चहा खाली न ठेवता सांगतो, रॅक चौदा, खालून दुसरा कप्पा, डाव्या हाताला. कॉम्प्युटर आला, बारकोड आले, ते चालवायला एक फिलिपिनो मुलगी आली, आणि तीसुद्धा अडली की इद्रीसच्याच टेबलाशी येऊन उभी राहते. चार हजार वस्तू आहेत त्या गोडाऊनमध्ये. एकीची जागा चुकवील तर शपथ!

आणि ह्याच माणसानं एक नारळ कुठं ठेवला होता, ते आठ वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. विसरला नव्हता हो. सांगितलं नव्हतं.

येत्या मे महिन्यात त्याला साठ पुरी होतात. व्हिसा रिन्यू होणार नाही, असं कंपनीनं गोड बोलून सांगितलं, केक कापायचंही ठरलं. म्हणजे खलास, आता घरी. घर रत्नागिरी जिल्ह्यात, वेळशेतला, खाडीकाठी. बांधलेलं आहे, रंगवलेलं आहे, वर टाकीसुद्धा बसवली आहे. पण त्या घरात जाऊन राहायचं कसं, ह्या एका गोष्टीनं इद्रीसची झोप उडाली होती. कारण अर्धं वेळशेत त्याच्याशी बोलत नव्हतं. बाजारात समोरून आला तर माणसं चप्पल दुरुस्त करायला खाली वाकायची.

"मुंब्र्याला फ्लॅट घेऊ. माझ्या बहिणी आहेत तिथं," जुलेखा, त्याची बायको, म्हणायची.

"मुंब्र्याला खाडी आहे?"

"आहे की."

"ती आपली नाही," इद्रीस म्हणायचा, आणि विषय तिथं संपायचा. माणसानं हट्टी असावं, पण किती!

संध्याकाळी ड्युटी सुटली की तो बिल्डिंगच्या खाली पार्किंगमध्ये उभा राहून फोनवर गावाचे व्हिडिओ बघायचा. कोणाच्या तरी लग्नाचा, कोणाच्या तरी बोटीचा. त्यात मागं कुठं सहाणेचा पार दिसतो का, ते बोटांनी मोठं करून बघायचा. सहाण म्हणजे गावदेवी नवलाईची पालखी जिथं बसते तो चौथरा. हा पाच वेळची नमाज पढणारा माणूस, आणि गाव म्हटलं की ह्याच्या डोळ्यांसमोर पहिली सहाण यायची. ह्यात त्याला काही विचित्र वाटत नव्हतं. वेळशेतातल्या कोणालाच पूर्वी वाटत नव्हतं.

आता त्या नारळाचं सांगतो, म्हणजे कळेल.

वेळशेतचा शिमगा मोठा. होळीनंतर पाचव्या दिवशी, रंगपंचमीला, पालखी सहाणेवरून उठते ती खूण शोधायला. खूण म्हणजे एक सोललेला नारळ. आदल्या दिवशी दुपारी, गाव जेवून आडवं झालं असताना, एका माणसानं तो गावाच्या हद्दीत कुठंतरी पुरायचा. दुसऱ्या दिवशी खांदेकऱ्यांनी पालखी खांद्यावर घ्यायची, ढोल वाजायचे, आणि पालखी ओढेल तिकडं जायचं. जिथं जड होऊन वाकेल तिथं खणायचं. आता देवी ओढते की पुढचा खांदेकरी, ह्यावर वेळशेतात कोणी वाद घालत नाही, तुम्हीही घालू नका.

पुरणारा माणूस कोण? इथं आमच्या वाडवडिलांची अक्कल बघा. एका वाडीच्या माणसानं खूण लपवली तर दुसरी वाडी म्हणणार, ह्यानं खांदेकऱ्याला डोळा मारला. म्हणून हा मान मोहल्ल्यातल्या होडेकरांच्या घराला. पणजोबाच्या आधीपासून. नियम दोनच. जागा कोणालाही सांगायची नाही, बायकोलाही नाही. आणि दुसऱ्या दिवशी सहाणेवर मानकऱ्याशेजारी बसून राहायचं. पालखीनं तीन फेऱ्या मारल्या आणि खूण मिळाली नाही, तर होडेकरानं उठायचं आणि हातानं दाखवायचं. बाप गेल्यापासून हा मान इद्रीसकडे होता, आणि तो त्यासाठी दरवर्षी सुट्टी शिमग्यालाच घ्यायचा. ईद हुकली तरी चालेल, शिमगा नाही. आणि त्याच्या वेळी हात दाखवायची पाळी एकदाही आली नव्हती. पुढच्या खांद्याला आत्माराम घवाळी असायचा ना! शाळेत दोघं एका बाकावर बसलेले, खाडीत एकत्र पोहायला शिकलेले. आत्माराम पुढं अबुधाबीला एसीच्या कामावर आला, तोही इद्रीसनंच कोणाला तरी सांगून आणलेला.

आठ वर्षांपूर्वी इद्रीसची अम्मा अंथरुणाला खिळली. इद्रीस बिनपगारी रजा टाकून गावी राहिला. दुबईचा नियम असा की सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलात तर व्हिसा गेला. इद्रीस अठरा सप्टेंबरला आला होता, त्यानं बोटांवर महिने मोजले, अठरा मार्चचं तिकीट काढलं. रंगपंचमी सतराला. खूण निघेल, दुसऱ्या दिवशी विमान. सगळं कसं बसवलेलं! सोळाला दुपारी त्यानं नारळ पुरला, हात धुतले, अम्माला पेज भरवली. चारच्या सुमाराला रत्नागिरीहून ट्रॅव्हल एजंटचा फोन. "इद्रीसभाई, ओ, महिने नाय मोजायचे. एकशे ऐंशी दिवस मोजायचे. तुमचे दिवस उद्या भरतात. उद्या दुबईत पाय ठेवला नाय तर नोकरी गेली समजा."

एक दिवस. एका दिवसाची चूक, आणि ती आखाती माणूसच करणार. बाकी कोणाला एवढे दिवस मोजायचे असतात?

तो धावत मानकऱ्याच्या घरी गेला. मानकरी अण्णा खोतवाडीत पालखीबरोबर होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. वाटेत भेटलेल्या कोणालाही जागा सांगता आली असती. नोमानला, सख्ख्या भावाला, सांगता आली असती. पण नियम. इद्रीस जीपमध्ये बसताना मनात म्हणाला, आजवर पालखीला मिळाली नाही असं झालंय का? आत्माराम आहे पुढं. मिळेल.

नाही मिळाली.

दुबईत उतरून फोन चालू केला तर पंचेचाळीस मिस्ड कॉल. पालखी दिवसभर फिरली. पाच ठिकाणी खणलं. तीन फेऱ्या झाल्यावर सगळ्यांनी सहाणेवर बघितलं, तर होडेकराची जागा रिकामी. कोणी तरी बोललं, "पुरलीच नाही त्यानं. देवीची थट्टा केली आणि पळाला." तेवढं पुरलं. अलीकडे दोन्हीकडच्या पोरांच्या डोक्यात वारं शिरलेलंच होतं. मोहल्ल्यातल्यांना पालखी आपल्या बाजूला यायला नको होती, वाडीतल्यांना होडेकरानं नारळाला हात लावायला नको होता. संध्याकाळी दगड पडले. नोमानच्या दुकानाचं शटर तुटलं, त्याच्या डोक्याला सहा टाके. मोहल्ल्यातल्या पोरांनी ढोल फोडला, ढोल वाजवणाऱ्याचं मनगट मोडलं. पोलीस आले, दोन्हीकडच्या नावांवर केसेस झाल्या.

त्याच रात्री एअरपोर्टच्या बाहेर टॅक्सीच्या रांगेत उभ्या असलेल्या इद्रीसला अण्णांचा फोन आला. म्हातारा काकुळतीला आला होता. "इद्रीस, बाबा, कुठं पुरलीस तेवढं सांग. मी सगळ्यांना घेऊन जातो, काढून दाखवतो. मिटेल सगळं."

आणि इद्रीस म्हणाला, "नाही पुरली म्हणतायत ना? मग नाहीच पुरली." आणि फोन कापला.

जीभच ती. भावाच्या टाक्यांची बातमी दोन मिनिटांपूर्वी ऐकलेली. पण अण्णांचा फोन स्पीकरवर होता, सहाणेवर दोनशे माणसं होती. दोनशे जणांनी होडेकराच्या तोंडून ऐकलं की खूण पुरली नव्हती.

नारळ त्या पावसाळ्यात कुजूनही गेला असेल. खूण लपवणं बंद पडलं. मोहल्ल्याची मासळी वाडीत जाईना, वाडीचा टेम्पो मोहल्ल्यात येईना. नोमान दुकान मोडून रत्नागिरीला गेला. अम्मा त्याच वर्षी रमजानमध्ये गेली. इद्रीसला सुट्टी मिळाली नाही, आणि मयताला वाडीतून एकही माणूस आला नाही. पूर्वी मोहल्ल्यात कोणी गेलं की पहिला चहाचा टोप घवाळ्यांच्या घरून यायचा. तो आला नाही, हे नोमाननं फोनवर सांगितलं तेव्हा इद्रीस गोडाऊनमध्ये रॅकला धरून उभा होता.

दुबईत काय वेगळं झालं? 'वेळशेत इलेव्हन' नावाची क्रिकेटची टीम होती, तिच्या दोन टीमा झाल्या, आणि दोन्ही हरायला लागल्या. इद्रीस आणि आत्माराम, एकशे तीस किलोमीटरच्या अंतरावर, आठ वर्षं एकमेकांना भेटले नाहीत. एकदा मुंबईहून एकाच विमानानं आले. सामानाच्या पट्ट्याशी दोघं समोरासमोर, दोघांच्या आंब्याच्या पेट्या येईनात. वीस मिनिटं दोघं पट्टा बघत राहिले. इद्रीसची पेटी आधी आली, आणि त्याला इतकं वाईट वाटलं की तो ती उचलून मागं न बघता चालायला लागला.

हे सगळं जुळवायचं मनावर घेतलं ते नीलिमानं. नीलिमा म्हणजे अण्णांची धाकटी मुलगी. ती आणि तिचा नवरा श्रीनाथ अबुधाबीच्या खलिफा सिटीत राहतात, शाळांना आणि ऑफिसांना डबे पुरवण्याचा धंदा करतात. बाई म्हणजे तोंडाची फटकळ आणि हाताची उदार. कोविडमध्ये वेळशेतच्या दोघा पोरांना, एक वाडीतला, एक मोहल्ल्यातला, एकाच खोलीत क्वारंटाइन केलं होतं आणि नीलिमा दाराशी डबे ठेवत होती. ती दोघं चौदा दिवस गावाच्या गप्पा मारत होती. "मग मला कळलं," ती म्हणायची, "कोंडून ठेवल्याशिवाय आपली माणसं बोलत नाहीत."

दर महिन्याच्या एका रविवारी तिनं घरी जेवण ठेवायला सुरुवात केली. सभा नाही, मंडळ नाही, नुसतं जेवण. पहिल्या वेळी बारा जण आले आणि सोलकढीपर्यंतही पोचले नाहीत. तुमच्या पोरांनी, आमच्या पोरांनी, ढोल कोणी फोडला, शटर कोणी तोडलं. नीलिमानं टेबलावर वाढायचा डाव आपटला. "खलास! पुढच्या वेळी ज्याला यायचंय त्यानं फक्त आपलं सांगायचं. आपण काय केलं. दुसऱ्याचं नाव काढलं की जेवण बंद."

दुसऱ्या वेळी सहाच आले. पण त्यात रुहान नावाचा मोहल्ल्यातला ड्रायव्हर उठून म्हणाला की ढोल मी फोडला होता, आणि खाली बसून रडायला लागला. तिसऱ्या वेळी अरुण म्हणून वाडीतला इलेक्ट्रिशियन म्हणाला, होडेकरांच्या अम्माच्या मयताला मी उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेलो. असं हळूहळू सुरू झालं. इद्रीस दोन जेवणांना गेला. दाराजवळ, चपलांच्या रॅकशेजारी खुर्ची घेऊन बसला, मूग गिळून. सगळ्यांना त्याच्याकडून एकच गोष्ट ऐकायची होती आणि विचारायचं धाडस कोणालाच नव्हतं. आत्माराम एकदाही आला नव्हता.

जानेवारीत नीलिमाचा फोन आला. "इद्रीसभाई, ह्या रविवारी आत्माराम येतोय. आणि अण्णांना चौऱ्याऐंशी लागलं. जास्त बोलत नाही मी."

रविवारी मुलगी हिबा गाडी चालवत होती. चोवीस वर्षांची, इथंच जन्मलेली. इद्रीस बसनं जाऊ म्हणत होता, माणशी पंचवीस दिरहम, म्हणजे सहाशे रुपये, कशाला पेट्रोल जाळायचं? पण खरं कारण ते नव्हतं. वाटेत उतरता आलं असतं, हे कारण होतं.

"अब्बा, जस्ट टेल देम," हिबा म्हणाली. "इट्स ओन्ली अ कोकोनट."

"ओन्ली म्हणे," मागून जुलेखा म्हणाली. "ह्यांना विचार, आठ वर्षांत मला तरी सांगितलंय का? मी नवलाईला काय फितूर होणार होते?"

इद्रीस खिडकीबाहेर बघत होता. दोन्ही बाजूला वाळू आणि मधेच सरकारी झाडं. त्याला घरी जायचं होतं. मे महिन्यात खाडीला भरती आली की कशी हवा सुटते, पाणंदीतून येताना कोणाच्या घरात काय शिजतंय ते कसं कळतं, आणि कोणी तरी पडवीतून हाक मारतं, "कधी आलास रे, इद्रीस?" तेवढी हाक त्याला हवी होती. तिच्यासाठी तो आठ वर्षं तडफडला होता, आणि ती बंद पाडणारं वाक्यही त्याचंच होतं.

नीलिमाच्या हॉलमध्ये पंधरा-सोळा माणसं होती. आत्माराम सोफ्याच्या कोपऱ्यात. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. इद्रीसनं सलाम केला नाही, आत्मारामनं नमस्कार केला नाही. जेवणं झाली. तांदळाच्या भाकऱ्या होत्या, सुरमई होती, कोणाचं लक्ष नव्हतं. मग नीलिमानं ताटं उचलली.

इद्रीस उभा राहिला. उभं राहायची गरज नव्हती, पण राहिला.

"मी पुरली होती," तो म्हणाला. "आणि नाही पुरली असं मीच म्हणालो. अण्णांना. आपल्या अण्णांना तसं बोललो. नोमानला रक्त आल्याचं ऐकलं होतं, डोकं फिरलं होतं, पण मी दुसऱ्या दिवशी फोन करू शकलो असतो. तिसऱ्या दिवशी करू शकलो असतो. मला वाटायचं, मला खोटा म्हणाले, तर बसा शोधत. तुम्ही मला शोधत यावं, असं वाटत होतं मला. ही माझी चूक. ढोल, शटर, सगळं त्या एका वाक्यानं पक्कं झालं. ते माझं."

कोणीतरी विचारलं, "कुठं पुरली होतीत?"

"मोहल्ल्याच्या पाणंदीत. विहिरीपासून सात पावलं. आमच्या माजघराच्या खिडकीसमोर. अम्माला उठता येत नव्हतं. सहाणेवर येता येत नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं एकही वर्ष पालखी चुकवली नव्हती. म्हटलं, खूण तिथं पुरली तर पालखी तिच्या खिडकीखाली येईल. मी तिची खाट खिडकीपाशी ओढली, पाठीला उशा लावल्या आणि निघालो. तिला सांगितलं नाही, नियम होता. नुसतं म्हटलं, अम्मा, उद्या बाहेर बघत राहा."

जुलेखानं तोंडाला ओढणी लावली. आठ वर्षांनी तिला आत्ता कळत होतं.

आत्माराम उठला आणि काच सरकवून बाहेर पोर्चमध्ये गेला. इद्रीसच्या मनात आलं, संपलं. एवढं बोलून काय मिळवलं? तो खाली बसणार तोच आत्माराम परत आत आला. बसला नाही. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"पालखी तिकडं ओढत होती. पहिल्या फेरीत विहिरीजवळ आलो आणि खांद्याला लागलं, इकडं. इतकी वर्षं पुढं असतो मी, मला कळत नाही? पण पोरं मागं ओरडत होती, मोहल्ल्यात न्यायची नाही, यंदा नाही न्यायची. माझाच पुतण्या पुढं होता त्यात. मी खांदा मारला आणि वळवली. म्हटलं, दुसऱ्या फेरीत जाऊ. दुसऱ्या फेरीत पण ओढली, मी पण परत वळवली. तिसऱ्या फेरीत तर पाय जमिनीत रुतल्यासारखे झाले, इद्रीस. मी भ्यालो. देवीला नाही भ्यालो, पोरांना भ्यालो."

नीलिमाचा हात तोंडावर होता.

"मग तू म्हणालास, नाहीच पुरली. मला सुटल्यासारखं वाटलं. देवाशपथ. आता कोणी मला विचारणार नाही, असं वाटलं." आत्मारामनं चौकट सोडली. "तेव्हापासून मी खांदा दिलेला नाही. गुडघा दुखतो सांगतो सगळ्यांना. गुडघ्याला काही झालेलं नाही माझ्या."

तुम्हाला वाटेल, इद्रीसनं जाऊन मिठी मारली असेल. नाही हो. त्याला असा राग आला की विचारू नका. आठ वर्षं हा माणूस अबुधाबीत बसून भात खात होता! एक शब्द, एक फोन! सगळ्या गावानं इद्रीसला खोटा म्हटलं आणि ह्याच्या खांद्याला खरं ठाऊक होतं!

"ती खिडकीत बसली होती रे!" इद्रीस ओरडला. नीलिमाच्या घरात आजवर कोणी असं ओरडलं नव्हतं. "माझी अम्मा खिडकीत बसली होती!"

"ठाऊक आहे," आत्माराम म्हणाला. "मी बघितलं तिला. तिन्ही वेळा. तिनं हात केला मला. 'आत्माराम, इकडं रे बाबा' म्हणाली."

इद्रीस मटकन खुर्चीत बसला. त्याला रडू आलं ते लहान पोरासारखं, नाक गळून, आवाज काढून. हिबा धावत आली, तिला काही समजलं होतं, काही समजलं नव्हतं, ती नुसती "अब्बा, अब्बा" करत पाठ चोळत राहिली. आत्माराम त्याच्यासमोर जमिनीवर येऊन बसला. हात लावला नाही. नुसता बसून राहिला, मान खाली घालून, आणि बराच वेळ दोघंही रडत होते. श्रीनाथनं पाण्याचे ग्लास आणून ठेवले, ते कोणी उचलले नाहीत.

शेवटी इद्रीसच म्हणाला, नाक पुसत, "चहाचा टोप पण नाही आला तुझ्या घरून."

"आईनं ठेवला होता चुलीवर," आत्माराम म्हणाला. "मी फोनवरनं नको म्हटलं. कोणत्या तोंडानं पाठवायचा?"

तेवढ्यात नीलिमानं काय केलं, कोणाला न विचारता गावी फोन लावला. बाई ती बाईच. अण्णा उठून पडवीत बसलेले, कॅमेरा त्यांच्या कानाजवळ, त्यामुळं सगळ्यांना म्हाताऱ्याचा कान आणि अर्धा चष्मा दिसत होता. नीलिमानं सगळं सांगितलं. विहीर, सात पावलं, खिडकी. आत्मारामचं मात्र सांगायला लागली तशी आत्मारामनं फोन तिच्या हातातून घेतला आणि स्वतः सांगितलं. थांबत, अडखळत, पण काही गाळलं नाही.

मागं कोंबडा ओरडत होता.

"इद्रीस आहे काय तिथं?" अण्णांनी विचारलं.

इद्रीसच्या हातात फोन आला. "आहे, अण्णा. माफी करा. तेव्हा मी..."

"ते राहू दे. मी पण आठ वर्षांत दुसरा फोन केला नाही. मलाही राग येतो रे, मी काय देव आहे?" म्हातारा खोकला. "ऐक. यंदा पालखी सहाणेवरनं उठली की पहिली पाणंदीत आणतो. कोण आडवा येतो ते बघतो मी. पोरं आता तेवढी पोरं राहिली नाहीत, त्यांनाही मुलं झाली. आत्माराम पुढच्या खांद्याला. तुझ्या त्या खिडकीखाली थांबवतो. गाऱ्हाणं तिथंच घालू."

इद्रीसनं डोळे मिटून घेतले. एवढंच तर हवं होतं, आठ वर्षं. आणि आता ते समोर आलं तर त्याला फक्त ती रिकामी चौकट दिसत होती.

"त्या खिडकीत आता कोणी नाही, अण्णा," तो म्हणाला.

"मग तू बस," अण्णा म्हणाले.

फोन हातात तसाच. जुलेखानं ओढणी सारखी केली, पुढं झाली आणि फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"अण्णा, जुलेखा बोलतेय. आम्ही येतो. रंगपंचमी यंदा कोणत्या तारखेला आहे ते नीट सांगा. ह्यांना मोजायला लावू नका."